बाल्साच्या हलक्या विमानाला इलेक्ट्रिक मोटर आणि रेडिओ: कोल्हापूरच्या हौशींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबरावर उडणाऱ्या बाल्साच्या किटमध्ये मोटर, बॅटरी आणि रेडिओ कसा बसवायचा, काय घ्यायचं आणि काय मुळीच करायचं नाही, याबद्दल कोल्हापूर-इचलकरंजी भागातले नवे हौशी जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. हिशेबाच्या सोयीसाठी सगळीकडे एकच विमान धरलं आहे: पंखाची लांबी ६० सेंमी, रुंदी ११ सेंमी आणि उडायच्या तयारीतलं एकूण वजन १२० ग्रॅम. तुमचं किट लहानमोठं असेल तर आकडे त्या मानानं बदला.

रबरावरचं किट रेडिओसाठी बनवलेलंच नसतं. मग ते मोटरवर उडतं का?

उडतं, आणि फार देखणं उडतं. रबरावरच्या विमानाला हवेत सांभाळणारं कुणी नसतं. एकदा हातातून सुटलं की त्याचा तोल त्यालाच राखायचा असतो. म्हणून त्याचे पंख टोकांकडे वर उचललेले असतात (याला उभार म्हणतात), शेपूट चांगलं मोठं असतं आणि सांगाडा लागेल तेवढाच असतो. हे गुण तुम्हाला आयते मिळतात. ट्रान्समीटरची (हातातल्या रेडिओची) स्टिक सोडून दिली तरी असं विमान आपलं आपण सरळ होतं. पथ्य एकच: वजन वाढवून हे गुण घालवायचे नाहीत. खालची जवळजवळ प्रत्येक सूचना या एका पथ्यातून आलेली आहे.

कुठलं विमान निवडावं?

पंख वरच्या बाजूला असलेलं, केबिनचं, लांब नाकाचं. पायपर कब किंवा सेसना १७० या जातीची विमानं उत्तम. पंखाची लांबी ६० ते ७५ सेंमी असावी. त्याहून लहान विमानात बॅटरी आणि सर्व्हो (शेपटाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) यांचं वजन सांगाड्याला झेपेनासं होतं. अमेरिकेतली गिलोज ही कंपनी १९२६ पासून चालू आहे. तिची ६० सेंमीच्या आसपासची केबिनवाली किटं या कामासाठी जगभर वापरली जातात.

स्पिटफायर, मस्टँग यांचा मोह सगळ्यांनाच होतो. पण लढाऊ विमानाचा पंख खाली, त्याचा उभार कमी आणि शेपूट लहान असतं. त्यात नाक आखूड असेल तर तोल साधायला पुढे शिसं भरावं लागतं. ते तिसऱ्या-चौथ्या विमानासाठी राखून ठेवा.

माझा मुलगा नववीत आहे. त्याला पहिलं विमान म्हणून हे चालेल का?

बनवायला चालेल, उडवायला नको. बनवताना तो मापं घेणं, घासणं, तोल बघणं हे सगळं शिकेल, आणि त्यासाठी याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. पण उडवायचा हात आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर आणि मग फोमच्या तीन चॅनेलच्या (रेडिओवरून तीन गोष्टी वेगवेगळ्या चालवता येणाऱ्या) विमानावर बसू द्या. फोम आपटला तर चिकटपट्टीनं भागतं. बाल्साला तेवढ्यानं भागत नाही, आणि महिनाभर खपून केलेलं विमान पहिल्याच मिनिटात मोडलं तर मुलं या छंदाकडे पाठ फिरवतात.

आणखी एक फायदा सांगतो. लहान तयार फोम विमानाचा सांगाडा संपला तरी त्यातला रिसीव्हर (ट्रान्समीटरचा संदेश घेणारा भाग) आणि सर्व्हो शाबूत असतात. ते वजनाला हलके असतात आणि बाल्साच्या विमानात पुन्हा वापरता येतात.

वजनाचं एवढं काय? दहावीस ग्रॅमनं काय बिघडतं?

आकडे मांडून बघू. आपल्या विमानाच्या पंखाचं क्षेत्रफळ साधारण ६.६ चौरस डेसिमीटर आहे. १२० ग्रॅम वजन त्यावर वाटलं तर दर चौरस डेसिमीटरला १८ ग्रॅम येतात. अशा विमानाला हवेत टिकायला ताशी सुमारे २१ किमी वेग पुरतो. तेच विमान १८० ग्रॅमचं झालं तर हा किमान वेग ताशी २५ किमीवर जातो. चार किलोमीटर म्हणजे काही फार नाही असं वाटेल. पण आपटताना लागणारा मार वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारानं वाढतो, म्हणजे दीडपट वजनाच्या विमानाला सव्वादोनपट मार बसतो. मग तो सोसायला लाकूड जाड करावंसं वाटतं. त्यानं वजन आणखी वाढतं, वेग आणखी वाढतो, आणि या फेऱ्यातून विमान बाहेर येत नाही. हलकं विमान पडलं तर गवतावर टेकतं. जड विमान त्याच गवतात नाक खुपसतं.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तितक्याच तापमानाला कोकण किनाऱ्यापेक्षा इथली हवा सहा टक्क्यांनी विरळ असते. पंखाला आणि प्रॉपेलरला तेवढी कमी हवा मिळते. फरक लहान आहे, पण तो आपल्या विरुद्ध बाजूचा आहे.

म्हणून पहिली खरेदी मोटरची करू नका, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या डिजिटल काट्याची करा. गुजरीतला सोनार जसा प्रत्येक मणी काट्यावर टाकल्याशिवाय पुढे सरकत नाही, तसं प्रत्येक भाग चिकटवण्याआधी तोला आणि वहीत लिहा. आपल्या विमानाची वाटणी अशी बसते: कागद लावलेला सांगाडा ६० ग्रॅम, मोटर ११, प्रॉपेलर ३, स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग कमीजास्त करणारा भाग) ६, रिसीव्हर ४, दोन सर्व्हो मिळून ८, बॅटरी २०, आणि चाकं, वायरी, दोऱ्या मिळून ८. बेरीज १२०. एखाद्या ठिकाणी पाच ग्रॅम जास्त गेले तर दुसरीकडून कुठून काढणार ते तिथल्या तिथे ठरवा.

वजन नेमकं कुठे वाचवायचं?

शेपटाकडे. तोलाच्या बिंदूपासून शेपूट ३० सेंमी मागे आणि मोटर १० सेंमी पुढे असेल, तर शेपटाकडचा जादा १ ग्रॅम तोलायला नाकात ३ ग्रॅम घालावे लागतात. म्हणजे विमान एकूण ४ ग्रॅमनं जड होतं. शेपटाचं लाकूड किटमधलं सगळ्यात हलकं निवडून घ्या. रबर अडकवायची मागची खुंटी आणि तिच्या आजूबाजूचा भरीव ठोकळा आता लागत नाही, तो लावूच नका. सजावटीचे प्लास्टिकचे भाग, जाड चाकं, भरीव मागचं चाक, सगळं एकेक करून काट्यावर ठेवा. निम्म्या गोष्टी तुम्ही आपणहून बाजूला ठेवाल.

किटमधलं लाकूड चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं?

तोलून. बाल्सा सगळा सारखा नसतो. ७५ मिमी रुंद, ९१५ मिमी लांब आणि दीड मिमी जाड पट्टी हलक्या बाल्साची असेल तर १० ग्रॅमच्या आसपास भरते. तीच जड बाल्साची २० ग्रॅम भरते. दिसायला दोन्ही सारख्याच. किटमध्ये कधी कधी शेपटासाठी दगडासारखा बाल्सा निघतो आणि पंखाच्या मुख्य पट्टीसाठी भुसभुशीत. अदलाबदल करा. मधला पंख, मोटरची भिंत आणि चाकांची जागा इथे कडक लाकूड, बाकी सगळीकडे हलकं.

बाल्साऐवजी आपल्याकडचं एखादं लाकूड चालेल का?

हा प्रश्न गावाकडची मंडळी हमखास विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. बाल्सा हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड, आणि त्याचा मोठा पुरवठा इक्वेडोरमधून होतो. आपली काटेसावर त्याच्याच कुळातली. सावरीचं लाकूडही मऊ आणि हलकं असतं, पण बाल्साच्या दुप्पट-तिप्पट भरतं. बरगड्या आणि शेपूट त्याचे केलेत तर विमान उडायचं नाही. बांबूची गोष्ट वेगळी आहे. घासून एक-दीड मिमी केलेली बांबूची काडी पंखाच्या टोकाची वळणं, चाकांचे आधार आणि पंखाखालचे टेकू यांना फार छान जमते.

परदेशी किट महाग पडतं. नकाशा मिळवून इथेच लाकूड कापून घेता येईल का?

येईल. जुन्या विमानांचे पूर्ण मापाचे नकाशे सहज मिळतात. झेरॉक्सच्या दुकानात छापून घेताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करायला सांगा आणि छापून झाल्यावर नकाशावरची एखादी माहीत असलेली लांबी पट्टीनं मोजा. ६० सेंमीचा पंख ५८ सेंमीचा छापला गेला आणि बरगड्या दुसऱ्या कागदावरून कापल्या, तर काहीच जुळत नाही.

शिवाजी उद्यमनगरात आणि आसपास कापकाम करणारे पुष्कळ आहेत. त्यातले बरेच लोखंड-पत्र्याचे, पण अॅक्रिलिक आणि प्लायवूड लेझरवर कापणारेही शोधले तर सापडतात. त्यांना बाल्साची सवय नसते. एका टाकाऊ तुकड्यावर कमीत कमी ताकद आणि जास्त वेग ठेवून आधी चाचणी करायला सांगा, नाहीतर कडा कोळशासारख्या होतात. काळी कड बारीक पॉलिशपेपरनं हलकेच घासल्याशिवाय गोंद नीट धरत नाही.

गोंद कुठला?

साधा पांढरा फेव्हिकॉल, थोडं पाणी घालून, टाचणीच्या टोकानं लावलेला. वाळायला वेळ घेतो, पण सांधा किंचित लवचिक राहतो आणि नंतर घासताही येतो. फेविक्विकसारखा झटपट गोंद दुरुस्तीला आणि घाईच्या जागी वापरा. तो सांधा कडक होतो आणि थेंब जास्त पडला तर लाकूड पिऊन घेतं. अराल्डाइट फक्त मोटरच्या भिंतीला आणि चाकांच्या तारेला, तेही काडीच्या टोकावर मावेल तेवढं.

मोटर, बॅटरी, प्रॉपेलर यांचं गणित कसं करायचं?

संथ उडणाऱ्या विमानाला दर किलोला ११० वॉट पुरतात, जरा ताकदीनं चढायचं असेल तर २०० वॉट. आपल्या १२० ग्रॅमच्या विमानाला म्हणजे साधारण १३ ते २४ वॉट. दोन सेलच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा सरासरी दाब ७.४ व्होल्ट, त्यामुळे प्रवाह १.८ ते ३.२ अँपिअर. एवढ्यासाठी १० ते १२ ग्रॅमची ब्रशलेस आउटरनर (बाहेरचं कवच फिरणारी) मोटर, ६ ते १० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर आणि ३०० एमएएचची बॅटरी भरपूर झाली.

मोटरचा केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला होणारे फेरे) १५०० ते २००० च्या दरम्यान असेल तर ६×३ इंची प्रॉपेलर चांगला जुळतो. ६ म्हणजे व्यास, ३ म्हणजे पिच, एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते इंच. मिनिटाला दहा हजार फेरे धरले तर हा प्रॉपेलर ताशी सुमारे ४५ किमीच्या हिशेबानं हवा मागे ढकलतो, म्हणजे आपल्या किमान वेगाच्या दुपटीपेक्षा थोडा जास्त. हे प्रमाण योग्य आहे. जास्त पिचचा प्रॉपेलर लावलात तर विमान पळेल, पण हातातून सुटताना धापा टाकेल. मोटर चालवून वॉटमीटरवर प्रवाह मोजल्याशिवाय मैदानावर जाऊ नका.

उड्डाण किती वेळ? बॅटरीचा ८० टक्केच भाग वापरायचा, म्हणजे २४० एमएएच. सरासरी २ अँपिअर प्रवाहाला सात मिनिटं मिळतात. एवढ्या वेळात मन भरतं, आणि खिशात दुसरी बॅटरी असतेच. मोठी बॅटरी घालून वेळ वाढवण्याचा विचार सोडून द्या.

मोटर नाकात कशी बसवायची?

रबराच्या किटचं नाक पोकळ असतं आणि पुढचा ठोकळा काढता येतो. तो ठोकळा ठेवायचा नाही. पहिल्या चौकटीच्या जागी दीड ते दोन मिमी बर्च प्लायवूडची भिंत बसवा आणि चारही लांबट काड्यांना कोपऱ्यात बाल्साचे छोटे त्रिकोण देऊन पक्की करा. मोटर या भिंतीवर येते.

ती अगदी सरळ बसवू नका. नाक दोन-तीन अंश खाली आणि दोन-तीन अंश उजवीकडे झुकलेलं हवं. उजवी बाजू म्हणजे वैमानिकाच्या जागी बसून बघितल्यावरची उजवी. खालचा झुकाव नसेल तर मोटर वाढवताच हलकं विमान नाक आभाळाकडे करतं आणि थांबतं. उजवा झुकाव नसेल तर डावीकडे गिरक्या घेतं. एकदम चिकटवून टाकण्यापेक्षा स्क्रूखाली वॉशर घालून कोन बदलता येईल अशी सोय ठेवा. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा.

मोटरला थंड हवा लागते. नाकात पुढून भोक ठेवा आणि त्याहून मोठं भोक धडाच्या पोटात मागे.

एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) लावू का?

नको. रडर (शेपटाचा उभा हलणारा भाग), एलेव्हेटर (शेपटाचा आडवा हलणारा भाग) आणि मोटर, तीन चॅनेल पुरेसे आहेत. पंखाला उभार असतो, त्यामुळे रडर दिला की विमान आपोआप कलून वळतं. एलेरॉनसाठी आणखी दोन सर्व्हो, वायरी आणि पंखात कापाकापी लागते. मिळत काही नाही. फक्त ट्रान्समीटरवर रडर उजव्या स्टिकवर घ्या, म्हणजे पुढे एलेरॉनचं विमान उडवताना हाताची सवय बदलावी लागणार नाही.

पंखाच्या बाबतीत दोन गोष्टी मात्र करा. मधल्या दोन-तीन कप्प्यांत वरच्या आणि खालच्या पट्टीमध्ये उभ्या रेषांचा पातळ बाल्सा भरा. रबराच्या विमानाला न लागणारा ताण रेडिओवर वळताना तिथे येतो. आणि पंखाच्या दोन्ही टोकांची मागची कड दोन-तीन मिमी वर वळवा. त्यामुळे वेग कमी पडला तरी टोक आधी पडत नाही आणि विमान एकाएकी एका बाजूला कोसळत नाही. दोन्ही टोकं सारखी वळली आहेत का ते मागून डोळा लावून पाहा.

शेपूट तर अखंड असतं. एलेव्हेटर हलवायचा कसा?

नकाशावर एक रेघ मारा, तिथे दोन काड्या शेजारी शेजारी लावून शेपूट बांधा आणि शेवटी दोन्हींच्या मधून कापा. बिजागरीला शिवणाचा दोरा उत्तम: एकदा वरून, एकदा खालून असा आलटून पालटून ओवायचा आणि टोकांना गोंदाचा एक थेंब. भाग लोण्यासारखा मोकळा हलला पाहिजे. घट्ट बिजागरीमुळे छोटा सर्व्हो जागेवर परत येत नाही आणि विमान सतत एका बाजूला ओढतं.

सर्व्हो केबिनमध्येच ठेवा, शेपटात नाही. तिथून मागे ०.८ मिमीची कार्बन काडी न्या आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी तिला आधार द्या, नाहीतर ढकलताना वाकते. त्याहून हलकं हवं असेल तर दोन्ही बाजूंनी ओढणारा न ताणला जाणारा दोरा. मासेमारीची विणलेली बारीक दोरी या कामाला छान चालते. हॉर्न (काडी किंवा दोरा अडकवायची, हलणाऱ्या भागावरची छोटी पट्टी) जुन्या प्लास्टिक कार्डातून कापा.

कागद कुठला लावावा? पतंगाचा चालेल?

जपानी टिश्यू मिळाला तर तोच घ्या. दर चौरस मीटरला १२ ग्रॅमच्या आसपास. आपल्या विमानाला साधारण पाव चौरस मीटर लागतो, म्हणजे ३ ग्रॅम. मोठ्या विमानांवर इस्त्रीनं लावतात ती साधी फिल्म चौरस मीटरला ६० ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे १५ ग्रॅम, आणि आकसताना नाजूक बरगड्या वाकवते. ती इथे नको.

पतंगाचा कागद चालतो, पण प्रत्येक ताव वेगळा असतो. काही पाण्यानं छान ताणतात, काहींचा रंग सुटतो, काही तर ताणतच नाहीत. बाल्साची एक चौकट करून तिच्यावर आधी बघा. कागद लावायचा, पाण्याचा बारीक फवारा मारायचा, पंख सपाट फळीवर टाचून वाळवायचा. मग पातळ केलेल्या डोपचे (कागद ताणून घट्ट करणाऱ्या वार्निशसारख्या द्रवाचे) दोन हात, त्यात एरंडेलाचे दोन-चार थेंब, म्हणजे कागद जास्त आकसून पंख पिळत नाही. डोप भराभर पेट घेतो. उघड्या खिडकीशी काम करा, देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यापासून दूर.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की ताणलेला कागद सैल पडतो आणि पंख पीळ धरतात. या महिन्यांत सांगाडा बांधा आणि कागदाचं काम दसऱ्यानंतर करा. ब्रशनं रंग देऊ नका. रंगीत टिश्यूच वापरा.

तोल कुठे हवा?

पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर. आपल्या ११ सेंमी पंखात ते २८ ते ३३ मिमी. किटच्या नकाशावरची खूण पुष्कळदा याच्या मागे असते, कारण रबराच्या काही विमानांत शेपूटही वजन उचलतं. रेडिओवर पहिल्यांदा उडवताना तोल पुढे ठेवा. पंखाखाली दोन बोटं धरून, बॅटरीसह, उडायच्या पूर्ण तयारीत बघायचं. बॅटरीसाठी पोटाखाली झाकण करा, छोट्या चुंबकांवर बसणारं, आणि आत ती दोन-तीन सेंमी पुढेमागे सरकवता येईल एवढी जागा ठेवा. तोल बॅटरी सरकवून साधा. शिसं हा शेवटचा उपाय.

लायपो बॅटरीची भीती वाटते. काय काळजी घ्यायची?

तिची माहिती घेऊन वागलं तर भीतीचं कारण नाही. बॅलन्स चार्जरवरच भारायची, ३०० एमएएचला ०.३ अँपिअरनं. एक सेल ४.२ व्होल्टवर पूर्ण भरतो आणि ३.३ च्या खाली उतरू द्यायचा नाही. आठवडाभर उडवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. भारताना खोली सोडून जायचं नाही, आणि खाली फरशी हवी, गादी किंवा टेबलक्लॉथ नको. फुगलेली किंवा आपटून चेपलेली बॅटरी पुन्हा भारू नका. एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत ठेवून उन्हात गाडी लावू नका.

कायद्यानं परवानगी लागते का? आणि कोल्हापुरात उडवायचं कुठे?

भारतात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचं यान नॅनो वर्गात येतं आणि हौस म्हणून ते उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. पण कुठे आणि किती उंच, हे बंधन सर्वांना आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ६० मीटर उंचीपर्यंत मोकळीक असते, त्यापलीकडच्या हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत. ८ किमीच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही.

आपला विमानतळ उजळाईवाडीला आहे, त्यामुळे गोकुळ शिरगाव, विद्यापीठाचा परिसर आणि शहराचा बराच भाग या मर्यादांत सापडतो. मैदान ठरवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनसाठीचा नकाशा उघडून बघा. शहरातल्या मैदानांवर तसंही क्रिकेटची गर्दी असते, आणि फिरता प्रॉपेलर बोटाला कापतो. शहराच्या पश्चिमेला, पन्हाळा आणि राधानगरी रस्त्यांकडे गेलात तर विमानतळ लांब राहतो. तिथे गवताचा माळ शोधा, मालकाला विचारा, आणि शेतपंपाच्या तारा कुठून गेल्या आहेत ते चालून बघा. पन्हाळ्याजवळची पठारं मोकळी दिसतात, पण वरचा वारा १२० ग्रॅमच्या विमानाला परत येऊ देत नाही.

वारा किती चालेल?

किमान वेगाच्या निम्म्यापेक्षा कमी, म्हणजे ताशी ८ ते १० किमी. झाडाची पानं हलतात पण फांद्या हलत नाहीत, एवढा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतच्या सकाळी, उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत, याहून चांगली वेळ नाही.

पहिलं उड्डाण कसं करावं?

आधी घरी: ट्रान्समीटर बंद केला तर मोटर थांबते का हे प्रॉपेलर काढून तपासा. मैदानावर कमी ताकदीच्या मोडवर ट्रान्समीटरच्या पल्ल्याची चाचणी घ्या. एकानं विमान धरायचं, दुसऱ्यानं चालत लांब जायचं.

मग मोटर बंद ठेवून, गवतावर, वाऱ्याच्या तोंडावर, सरळ आणि किंचित खाली रोखून सोडा. वर फेकू नका. विमान लांब, सपाट सरकत गेलं पाहिजे. नाक डुबकलं तर बॅटरी थोडी मागे, उचकलं तर पुढे. हे जमल्याशिवाय मोटरला हात लावू नका.

मोटर पाऊण करा, सोबत्याला सोडायला सांगा आणि एलेव्हेटर जवळजवळ हलवूच नका. एलेव्हेटरची हालचाल दोन्ही बाजूंना ८ ते १० मिमी पुरे, रडरला १५ ते २० मिमी द्या. विमानाला उंची घेऊ द्या, मग मोटर निम्म्यावर आणा आणि मोठी वळणं घ्या. उतरताना मोटर एकदम बंद करू नका. हलक्या विमानाचा वेग लगेच मरतो. थोडी मोटर ठेवून, वाऱ्याच्या तोंडावर, चाकं टेकल्यावर शून्य.

विमान उसात पडलं तर?

कोल्हापुरात हे विचारावंच लागतं. डोक्यावर दोन हात वाढलेल्या उसात पांढरं विमान पाच पावलांवरूनही दिसत नाही. विमान दिसेनासं झालं त्या क्षणी जागा सोडू नका. त्याच्या मागे दूरवर जे झाड, खांब किंवा टाकी असेल ते लक्षात ठेवा. तुम्ही उभे राहायचं आणि फोनवरून सोबत्याला त्या रेषेवर चालवायचं. दोघंही आत गेलात की रेषा गेली. मोटरचा थ्रॉटल शून्यावर आणा, पण ट्रान्समीटर चालू ठेवा. सर्व्हो हलवले की त्यांचा आवाज शांत वेळी ऐकू येतो.

आत जाण्याआधी शेताच्या मालकाला विचारायचंच. “मामा, उसात विमान पडलंय, आत जाऊन बघू का?” असं विचारलं की नाही म्हणणारे फार थोडे. उलट पाणी पाजणारा गडी सरी धरून तुम्हाला थेट जागेवर नेतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, उसाची पात कातडी कापते. पंखाखाली तुमचं नाव आणि मोबाइल नंबर लिहून ठेवा, म्हणजे तोडणीच्या वेळी सापडलं तरी परत येईल. तोडणी सुरू झाली की रानं मोकळी होतात आणि पाचटावर विमान अलगद उतरतं, पण तिथेही आधी विचारून.

कागद फाटला, काडी मोडली. नवीन पंख करू का?

गरज नाही. मोडलेली काडी दोन्ही बाजूंनी तिरकी कापा. काप जाडीच्या सहापट लांब ठेवला तर सांधा मूळ काडीइतका टिकतो. फाटलेल्या कागदावर त्याच रंगाचा तुकडा पातळ फेव्हिकॉलनं लावा. दुरुस्तीचे ग्रॅमही वहीत लिहा, दुरुस्त्या जमत जाऊन विमान केव्हा जड झालं ते कळत नाही.

पहिलं विमान छान उडतंय. पुढचं कुठलं करावं?

माझं मत विचाराल तर पुष्पक. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचं हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत अनेक जण त्यावर उडायला शिकले. ते घडवण्यात ज्यांचा वाटा होता ते डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांनी जर्मनीत गॉटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केलं आणि परत येऊन एचटी-२ हे भारतात आरेखन झालेलं प्रशिक्षण विमान साकारलं. ते १९५१ मध्ये उडालं. आपल्या मातीतल्या माणसाचं विमान आपल्याच माळावर उडावं, असं मला मनापासून वाटतं.

बाल्साच्या दृष्टीनंही पुष्पक सोयीचा आहे. पंख वर, सरळ, रुंद. धड चौकोनी, वळणं कमी. मूळ विमानावर कापड, म्हणजे टिश्यू त्याला शोभून दिसतो. मूळ पंख ३६ फुटांचा, त्यामुळे १/१६ प्रमाण घेतलं तर तुमचा पंख साधारण ६९ सेंमीचा होतो आणि वरचे सगळे आकडे थोड्या फरकानं लागू पडतात. मूळ विमानात पंखाचा उभार कमी आहे. तीन चॅनेलवर उडवायचं तर प्रत्येक टोक मधल्यापेक्षा तीन सेंमी तरी वर उचला, आणि शेपूट मापापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी मोठं करा. पंखाखालचे तिरके टेकू शोभेपुरते लावण्याऐवजी बांबूचे करून खरोखर भार घेणारे ठेवा. मग मधल्या पट्ट्या पातळ करता येतात आणि दोन-तीन ग्रॅम तिथेच वाचतात.